गंगेचा कासरा

मी पोटासाठी जमिनी मोजते. सरकारी कागदावर आमच्या पदाचं नाव भूकरमापक असं भारदस्त आहे, पण लातूर जिल्ह्यातल्या ज्या ज्या गावात मी जाते तिथं लोक "मोजणीवाली बाई आली" एवढंच म्हणतात. दोन सख्ख्या भावांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी यंत्र उभं केलं की दोघंही आधी मला चहा विचारतात आणि खुणा रोवल्या की त्यातला एक मला शिव्या घालतो. त्याची मला सवय झाली आहे. यंत्र जे सांगतं ते मी तोंडावर सांगते, "तुमचं सव्वा गुंठा कमी भरतं," आणि सामान गाडीत टाकते. माझ्या हाताखालचे लोक म्हणतात की बाईंना दयामाया नाही. आकड्यात दयामाया मिसळली की आकडा बिघडतो, हे माझं त्यांना ठरलेलं उत्तर असे. असे म्हणजे यंदाच्या पोळ्यापर्यंत.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यात, मुदखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. आमच्याकडे तिला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात, एरवी ती गंगा. गावात आमचं एक घर आहे, पण माय आणि बाबा राहतात शेतातल्या आखाड्यावर. लातूरच्या माझ्या एका पुणेरी मैत्रिणीला मी "आईवडील आखाड्यात असतात" असं म्हटलं, तेव्हा तिनं बाबा पैलवान आहेत का म्हणून विचारलं होतं. आमचा आखाडा म्हणजे शेतातलं राहतं घर. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं जनावरांची जागा, एका बाजूला हळद शिजवायची कढई आणि दुसऱ्या बाजूला मायची वांगी-मिरची. दारात बसलं की समोर केळी, केळीच्या पलीकडं थोडं मोकळं रान, आणि मग एकदम काहीच नाही. तिथून खाली गंगा.

हे "एकदम काहीच नाही" दर वर्षी थोडं जवळ येतं. पूर आला की पाणी काठाच्या बुडाची माती कोरतं आणि पूर ओसरल्यावर वरची दरड स्वतःच्याच वजनानं खाली बसते. भर दुपारी जेवता जेवता धप्प असा आवाज येतो. माय म्हणते, "गेली," आणि बाबा म्हणतात, "भाजी वाढ."

गेलेली माती कुठं जाते हेही आम्हाला माहीत आहे. समोरच्या काठाला, थोडं खाली, गाळाची पुळण पडते. ते मायचं माहेर. माझा मामा त्या गाळात टरबुजं लावतो आणि ती इतकी गोड निघतात की राग यावा. उन्हाळ्यात पहिली दोन टरबुजं तो न चुकता होडीनं आमच्याकडं पाठवतो. बाबा सुरी लावायच्या आधी टरबूज हातात घेऊन मायला म्हणतात, "सगळ्या जगात भाऊ बहिणीला चोळीबांगडीला जमीन देतो. हितं मीच तुझ्या भावाला देऊन राहिलो." माय म्हणते, "मंग खाऊ नका." बाबा अर्धं टरबूज एकटे संपवतात.

मोजणी सुरू झाली ती आठ वर्षांपूर्वी. त्या साली काठावरची बाभळ मुळासकट गेली. बाभळीच्या बुडाशी बसून बाबा रोज तंबाखू मळायचे, त्यामुळे त्यांना ते मनाला लागलं. आमच्या आजोबांनी त्यांच्या काळात एकदा आखाडा मागं हलवलेला होता आणि बाबांना सांगून ठेवलं होतं की गंगा पाच कासऱ्यांच्या आत आली की आखाडा उठवायचा, एक दिवस थांबायचं नाही. कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा दोर. आजोबांनी पाचच कासरे का ठरवले ते कुणी विचारलं नाही. बाबांनी तो नियम देवाच्या ठिकाणी मानला. एरवी बाबा नियमांचे फार शौकीन नाहीत, डॉक्टरनं बंद करायला सांगितलेली तंबाखू अजून चालू आहे, पण पाच कासरे म्हणजे पाच कासरे.

पोळ्याला बैलांना नवी वेसण, नवे कासरे लागतात. बाबा ते विकत आणत नाहीत, अंबाडीचे स्वतः वळतात. आठ वर्षांपूर्वीच्या पोळ्याला त्यांनी बैलांच्या कासऱ्यांबरोबर एक जादा वळला आणि त्याला नाव दिलं गंगेचा कासरा. तीन वाव लांब. वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर. दोर मोजायला आमच्याकडं दुसरं माप नाही. आखाड्याच्या कोपऱ्याच्या दगडापासून ते काठापर्यंत तो कासरा टाकत जायचं आणि मोजायचं. मोजून झालं की त्या कासऱ्यानं बैल बांधायचा नाही, आतल्या खुंटीला अडकवून ठेवायचा. पुढच्या पोळ्याला नवा. पुढं बाबांचे गुडघे दुखतात म्हणून बैल विकले, भाड्याचा ट्रॅक्टर सुरू झाला, पण गंगेचा कासरा दर पोळ्याला वळला जायचा.

इथं माझ्या हातांबद्दल सांगणं भाग आहे. मी उंच आहे, बाबांवर गेले आहे, आणि माझे हात उंचीच्या मानानंही लांब आहेत. लहानपणी शिवलेल्या प्रत्येक झंपरच्या बाह्या कोपराच्या वर राहायच्या. लग्न जमवताना माय उघड काळजी करायची की हिच्या मापाचा नवरा कुठून आणायचा. शाळेत मला "वाव" म्हणून चिडवायचे. मी त्यावर दोघीतिघींना बदडलंही होतं.

मी मात्र पोळ्याला कधी गावी नसायची. पाऊसकाळात शेतमोजणी थंडावते तेव्हा आमच्या कार्यालयात कागदांचे ढीग उपसायचे असतात आणि रजा मागितली की साहेबांचं तोंड वाकडं होतं. म्हणून मी लातूरहून फोन करायची. "किती आले?" एवढंच विचारायची. बाबा आकडा सांगायचे. पहिल्या साली आठ. मग साडेसात, मग सात, मग साडेसहा. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतले, आलेखही काढला. पण पाचव्या सालापासून आकडा अडला. साडेसहाला थोडं कमी, सहा, सहाच, सहाला पाव कमी.

"गंगा निवली बाई," बाबा फोनवर म्हणायचे.

मी त्यावर एक शास्त्रशुद्ध कारणही शोधून काढलं होतं. मुख्य धार पलीकडच्या काठाकडं सरकली असणार, अलीकडं पाण्याचा जोर कमी झाला असणार, वगैरे. चहाच्या सुटीत मी ते सहकाऱ्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. आता तो फळा आठवला की मला तोंड लपवावंसं वाटतं. मी, जी दुसऱ्याच्या मोजणीत चार बोटांची चूक काढते, तिनं इतकी वर्षं स्वतःच्या घरची मोजणी फोनवर मान्य केली.

यंदा मात्र रजा मिळाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी लातूरहून नांदेडला आणि तिथून गावाकडं निघाले. आखाड्यावर पोचले तेव्हा बाबा दारात दोर वळत बसले होते. मला पाहून म्हणाले, "ये माय. मोजणीवाली आली म्हणजे आता गंगेला भ्याव लागंल."

पोळ्याच्या सकाळी माय पुरण वाटायला बसली आणि आम्ही दोघं मोजायला निघालो. माझ्या पिशवीत मोजायची फीत होती, पण ती काढायची माझी हिंमत झाली नाही. पोळ्याला कासराच लागतो. बाबा कोपऱ्याच्या दगडाशी दोराचं टोक दाबून धरायचे, मी दुसरं टोक घेऊन पुढं जायची, तिथं काडी रोवायची. एक. दोन. केळी संपली. तीन. चार. पुढं मोकळं रान, त्यात पूर येऊन गेल्याची चिखलाची खूण. पाच. पाचाच्या काडीपासून काठ हात दोन हातांवर होता. खाली गढूळ पाणी भरून वाहत होतं.

"पाचाच्या वर हाय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता. "यंदाचं साल निघालं."

मला ते पटेना. डोळ्याची सवय असते. वर्षानुवर्षं जमिनी बघून मला अंतर नुसतं पाहून सांगता येतं, आणि हे अंतर माझ्या डोळ्याला फार कमी दिसत होतं. मागं वळून पाहिलं तर केळीच्या ओळींमधून आखाडा मला नको इतका स्पष्ट दिसला. दारात उभ्या असलेल्या मायच्या हाताला लागलेलं पुरणसुद्धा दिसत होतं. पण पाच काड्या तर मीच रोवल्या होत्या.

परत आल्यावर बाबा हातपाय धुवायला गेले आणि मी नवा कासरा खुंटीला अडकवायला आत गेले. खुंटीवर आठ जुने कासरे होते, जुना सगळ्यात आत, नवा सगळ्यात बाहेर. सगळ्यांच्या वरच्या घड्या एकसारख्या, पण खालची टोकं मात्र पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत गेली होती. मी सगळे काढले आणि ओसरीवर शेजारी शेजारी सरळ पसरले. पहिले चार अगदी सारखे. पाचवा टीचभर लहान. सहावा त्याहून लहान. आजचा तर पहिल्यापेक्षा साडेतीन फुटांनी कमी.

आधी मला वाटलं ओल. अंबाडी ओलीनं आखडते. पण ओलीनं सगळेच आखडले असते, आणि सगळ्यात जुने चार तर तिथंच टांगून होते. दोरात काही खोट नव्हती.

गंगा काठ खात होती आणि दोर लहान होत होता, दोन्ही जवळजवळ एकाच मापानं, म्हणून सहाचे सहाच राहिले होते. एवढं कळल्यावर पुढचं आपोआप कळलं, कारण दोर यंत्रानं होत नाही, वावेनं होतो.

बाबा टॉवेलला हात पुसत आले. मी म्हटलं, "बाबा, जरा हात पसरा."

"कामून?"

"पसरा तर."

त्यांनी पसरले. उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ गेला. डावा अर्ध्यावर आला आणि थांबला, कोपरात वाकलेला. त्यांनी जोर लावला तशी मान वाकडी झाली. मग ते हसले आणि हात खाली सोडले. माय चुलीपाशीच होती. ती तिथूनच म्हणाली, "चार-पाच साल झाले. खांदा धरला हाय. सदऱ्याची बाही मीच घालून देते."

"मला कामून न्हाई सांगितलं?" मी चिडूनच विचारलं. लाज वाटली की मी चिडते, हा माझा जुना रोग.

मायनं पोळी तव्यावर टाकली. "तू इचारलं का कधी? तू फोन केला की कासरे किती, एवढंच इचारतीस."

मी शेकडो लोकांना त्यांची जमीन कमी भरते हे सांगितलं आहे. बाबांना त्यांचे हात कमी भरतात हे सांगायला मला तोंडच उघडेना. शेवटी मी ओसरीवर पसरलेले नऊ कासरे त्यांना नुसते दाखवले. बाबा उकिडवे बसले, एकेका दोराच्या टोकावरून बोट फिरवत शेवटापर्यंत आले. आजच्या कासऱ्याशी बोट थांबलं. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं, मग परत दोराकडं.

"आयला," ते म्हणाले. "गंगा निवली न्हवती. मीच आखडलो."

आणि ते इतके हसले की मायला पदर तोंडाला लावून बाहेर यावं लागलं. मला हसू येत नव्हतं, पण त्यांचं पाहून यायला लागलं. मग मात्र त्यांनी हसणं पुसल्यासारखं बंद केलं, पहिल्या सालचा कासरा उचलला आणि म्हणाले, "चल. पुन्हा मोजू."

आम्ही पुन्हा मोजलं. या वेळी काड्या बाबांनी स्वतः रोवल्या. एक, दोन, तीन. चारची काडी रोवली आणि काठ तिथून दोन पावलांवर होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हते. काय म्हणतील याची मला खरंच भीती वाटत होती. बाभळ गेली तेव्हा हा माणूस दोन दिवस बोलला नव्हता, आणि हे तर राहतं घर होतं. भिंती त्यांनी स्वतः रचलेल्या, खोल्यांत त्यांची चाळीस वर्षं.

"पाचाच्या आत हाय," ते म्हणाले. "मंग उठवायचा."

ते तडक आखाड्यात शिरले आणि पत्र्याच्या पेटीला हात घातला. म्हणजे अगदी त्याच क्षणी. आजोबांनी एक दिवस थांबायचं नाही असं सांगितलं होतं ना. माय उलथनं घेऊन आडवी उभी राहिली. "आवं, पुरणपोळ्या तरी खाऊन उठवा! गंगा काय जेवायला येऊन राहिली का?" बाबांनी पेटी खाली ठेवली, पाटावर बसले आणि चार पोळ्या खाल्ल्या, तूप जास्तीचं मागून.

आखाडा उठवायला नऊ दिवस लागले. मी रजा वाढवली, साहेबांचं तोंड वाकडं झालं ते फोनवर ऐकू आलं. भावकीतले लोक आले, समोरच्या काठावरून मामा होडी घेऊन आला. मामानं पत्रे काढता काढता बाबांना विचारलं, "दाजी, जुन्या आखाड्याची जागा मलाच येणार ना?" बाबा म्हणाले, "तुझ्या बहिणीलाबी घेऊन जा संगट." नवा आखाडा रस्त्याच्या बाजूला, वरच्या रानात उभा राहिला. माय खूष होती, कारण तिथून बस दिसते. तिनं त्याआधी इतकी वर्षं कधी म्हटलं नव्हतं की तिला त्या धप्प आवाजाची भीती वाटते. नव्या जागी पहिल्या दुपारी जेवताना मात्र म्हणाली, "घास गोड लागून राहिला आज." बाबांनी नुसती तिच्याकडं भाजी सरकवली.

त्याच आठवड्यात मी पिशवीतून माझी जुनी वही काढली. प्रत्येक सालचे कासरे त्या त्या सालच्या दोराच्या खऱ्या लांबीनं गुणले. आलेख सरळ उतरत गेला, कुठंही अडला नाही. पुढं लातूरला आल्यावर संगणकावर उपग्रहाचे जुने-नवे फोटो लावून पाहिले, तर दोरांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला. बाबांनी एक सालही खोटं मोजलं नव्हतं. खुंटीवर सगळं टांगलेलं होतं, गंगा किती सरकली तेही आणि ते स्वतः किती आखडले तेही, फक्त बघायला कुणी आलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी अंबाडीचा एक नवा दोर माझ्यापुढं टाकला. "वाव घाल," म्हणाले. मी हात पसरले, तीन वाव घातल्या, त्यांनी गाठ मारली. मग त्यांनी तो पहिल्या सालच्या कासऱ्याशेजारी धरला. माझा वीतभर लांब भरला.

"बापाला मागं टाकलं पोरीनं," ते मायला ओरडून म्हणाले. शाळेत ज्यावरून मी मारामाऱ्या केल्या त्या हातांचं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. नव्या आखाड्यापासून काठापर्यंत माझे तेवीस कासरे भरले. बाबांनी तो दोर नव्या खुंटीला, आपल्या दोरांच्या पुढं अडकवला.

मी म्हटलं, "बाबा, हा असाच राहू द्या. दर साली यानंच मोजत जा, म्हणजे चूक व्हायची न्हाई."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मोजणीतलं मला ओ की ठो कळत नाही. "कासरा दर पोळ्याला नवाच असतो, बाई," ते म्हणाले. "वाव घालायला तुला यावंच लागंल."

पुढच्या पोळ्याच्या रजेचा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवला आहे. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. कारणाच्या रकान्यात मी "घरची मोजणी" असं लिहिलं होतं.

"धुऱ्याचा वाद आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "वडिलांचे हात पुरत नाहीत."